इस्ट्रोजेनचा निरोप मेंदूत कोण ऐकतं?

स्त्रीबीज कधी बाहेर पडायचं हे बीजांडकोश एकटा ठरवत नाही. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसच्या भागात विखुरलेल्या जेमतेम एक-दोन हजार चेतापेशी जीएनआरएच नावाचं संप्रेरक सोडतात. दहा अमिनो आम्लांची ही साखळी मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला पोचली की तिथून एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं रक्तात उतरतात. त्यांच्या जोरावर बीजांडकोशातलं बीजपुटक, म्हणजे स्त्रीबीज जिच्यात वाढतं ती पिशवी, वाढतं आणि इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार करू लागतं. हे इस्ट्रोजेन मेंदूला सांगतं, ‘पुरे’. आणि महिन्यातून एकदा तेच इस्ट्रोजेन सांगतं, ‘आता सोडा’.

एकाच रेणूची ही दोन तोंडं शास्त्रज्ञांना बरीच वर्षं उलगडत नव्हती. अडचण अशी, की इस्ट्रोजेनचा या कामातला मुख्य रिसेप्टर (निरोप पकडणारं प्रथिन), अल्फा, जीएनआरएच पेशींत सापडतच नव्हता. मग निरोप पोचतो कसा? २००३ साली धागा हाती लागला. वयात येण्याची लक्षणंच न दिसलेल्या व्यक्तींच्या काही कुटुंबांत एका जनुकात बिघाड आढळला. ते जनुक किसपेप्टिन या प्रथिनाच्या रिसेप्टरचं होतं. हा रिसेप्टर जीएनआरएच पेशींवर असतो, आणि किसपेप्टिन बनवणाऱ्या शेजारच्या पेशींत इस्ट्रोजेनचा अल्फा रिसेप्टर भरपूर असतो. म्हणजे ऐकणाऱ्या पेशी वेगळ्या आणि हुकूम सोडणाऱ्या वेगळ्या.

मादी उंदरांत किसपेप्टिनच्या या पेशींचे दोन गट स्पष्ट दिसतात. मागच्या गटात इस्ट्रोजेन किसपेप्टिनचं जनुक दाबतं, पुढच्या गटात तेच जनुक चेतवतं. बीजांडकोश काढून टाकले की मागच्या गटात किसपेप्टिन वाढतं आणि पुढच्यात घटतं. इस्ट्रोजेन परत दिलं की चित्र उलटतं. माणसात ही विभागणी इतकी काटेकोर नाही, शिवाय पिट्युटरीही इस्ट्रोजेनमुळे जीएनआरएचला जास्त दाद देऊ लागते. रक्तातलं इस्ट्रॅडिओल, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन, मिलिलिटरमागे सुमारे २०० पिकोग्रॅमच्या वर जाऊन साधारण दोन दिवस टिकलं, की एलएचची लाट उसळते. ती सुरू झाल्यापासून जवळपास ३६ तासांत स्त्रीबीज सुटतं.

मागच्या गटातल्या पेशी आणखी दोन रसायनं बनवतात. न्यूरोकायनिन-बी ठोका सुरू करतं, डायनॉर्फिन तो थांबवतं. म्हणून जीएनआरएच ठोक्याठोक्यानं सुटतं. पाळीनंतरच्या दिवसांत साधारण ६० ते ९० मिनिटांनी एकदा. हे अंतर फार महत्त्वाचं आहे. १९७८ साली शास्त्रज्ञ अर्न्स्ट नोबिल यांच्या गटानं माकडांवर दाखवलं, की तासातून एकदा जीएनआरएच दिलं तर एलएच नीट सुटतं, आणि सतत दिलं तर बंद पडतं. पोफळीच्या बागेलाही शिंपणं अंतरा-अंतरानंच द्यावं लागतं. मुळाशी पाणी तुंबून राहिलं तर झाड जातं.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन ओसरतं तेव्हा ‘पुरे’ म्हणणारं कोणी उरत नाही. मागच्या गटातल्या पेशी अक्षरशः आकारानं मोठ्या होतात आणि न्यूरोकायनिन-बीचा मारा वाढवतात. त्यांचे तंतू शरीराचं तापमान सांभाळणाऱ्या केंद्रापर्यंत जातात. ते केंद्र विनाकारण समजतं, की अंग तापलंय. मग चेहरा, मान, छाती लाल होते, घाम फुटतो, काही मिनिटांत सगळं ओसरतं आणि कधी थंडीही वाजते. रत्नागिरी-मालवणच्या मे महिन्यात हे ओळखणं अवघड जातं, कारण दमट हवेत घाम सुकतच नाही आणि बायका ‘उष्णता झाली’ म्हणून सोडून देतात. पण पहाटे, पंखा चालू असताना, झोपेतून उठवणारी वाफ हवेमुळे आलेली नसते. कोकम सरबतानं बरं वाटतं, जरूर प्यावं. या पेशींवर मात्र त्याचा इलाज नाही. इलाज दोन दिशांनी होतो. एक, इस्ट्रोजेन देणं. गर्भाशय शाबूत असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉनसारखं औषधही हवंच, नाहीतर अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. दुसरी, न्यूरोकायनिन-बीचा रिसेप्टरच अडवणं. फेझोलिनेटंट या अशा औषधाला अमेरिकेत मे २०२३मध्ये मान्यता मिळाली. रोज ४५ मिलिग्रॅमची एक गोळी, पण यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. ऑपरेशनमध्ये दोन्ही बीजांडकोश काढले असतील तर इस्ट्रोजेन एकदम कोसळतं आणि त्रासही जोरात होतो. अशा बाईनं, वय कमी असेल तर विशेषच, इस्ट्रोजेनबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारावं.

उपकेंद्रात मिळणारी माला-एन ही गर्भनिरोधक गोळी या ‘पुरे’वरच चालते. पाकिटातल्या २१ गोळ्यांत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) असतं, उरलेल्या ७ लोहाच्या. त्या सात दिवसांत मेंदू आणि पिट्युटरी दाबातून सुटू लागतात आणि बीजपुटक वाढायला लागतं. म्हणून नवं पाकीट उशिरा सुरू करणं हीच सगळ्यांत धोक्याची चूक. एक-दोन गोळ्या चुकल्या तर आठवताच एक घ्यावी आणि पुढच्या नेहमीच्या वेळेला. लागोपाठ तीन किंवा जास्त चुकल्या तर गोळ्या चालू ठेवून सलग सात गोळ्या होईपर्यंत निरोध वापरावा. ही चूक तिसऱ्या आठवड्यात झाली, तर संप्रेरकांच्या गोळ्या संपवून, लोहाच्या गोळ्या सोडून थेट नवं पाकीट उघडावं.