तणनाशकांनी झाडांभोवतीचे तणनियंत्रण

झाडाच्या बुंध्याभोवती उगवलेले तण रसायन फवारून मारणे किंवा ते उगवूच न देणे, अशी ही पद्धत आहे. फळबागा, रोपवने आणि उद्यानांत ती वापरतात. गरज सर्वांत जास्त असते ती लागवडीनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत. अन्नपाणी शोषणारी झाडाची बारीक मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या थरात पसरतात आणि गवताची मुळेही तिथेच असतात. पाण्याच्या आणि नत्राच्या या ओढाताणीत कोवळे रोप मागे पडते. बुंध्याभोवती सुमारे एक मीटर व्यासाचे वर्तुळ तणमुक्त ठेवले तरी रोपाच्या वाढीत फरक दिसतो. त्यासाठी सगळी बाग उघडीबोडकी करू नये. उतारावर तर तसे केल्याने मातीच वाहून जाते. ओळींमधले गवत कापत राहणे पुरेसे असते.

पेंडिमिथॅलिनसारखी उगवणपूर्व तणनाशके बी रुजतानाच कोंब मारतात. उगवलेल्या तणावर त्यांचा फारसा उपयोग नाही. पॅराक्वाट हे स्पर्शजन्य आहे. जिथे पडते तेवढाच हिरवा भाग ते जाळते, त्यामुळे हरळी आणि लव्हाळा जमिनीखालून पुन्हा फुटतात. ते अत्यंत विषारी असून पोटात गेल्यास त्यावर उतारा नाही. युरोपीय संघात २००७ पासून त्याला परवानगी नाही. १९७४ मध्ये बाजारात आलेले ग्लायफोसेट आंतरप्रवाही आहे. पानांतून ते मुळापर्यंत उतरते आणि वनस्पतीला काही अमिनो आम्ले बनवण्यासाठी लागणारे विकर बंद पाडते. मातीच्या कणांना ते घट्ट चिकटते. म्हणून ते झाडाच्या मुळांतून सहसा शोषले जात नाही, आणि म्हणूनच गढूळ पाण्यात कालवल्यास त्याचा जोरही कमी होतो.

झाड हीसुद्धा वनस्पतीच आहे, हे फवारणाऱ्याने क्षणभरही विसरू नये. बुंध्याशी आलेला हिरवा धुमारा तणासारखाच दिसतो. त्यावर पडलेले ग्लायफोसेट थेट मूळ झाडात शिरते. कोवळी हिरवी सालही ते शोषते. कधीकधी इजा लगेच दिसत नाही: पुढच्या हंगामात पालवी फुटते तेव्हा पाने फितीसारखी अरुंद आणि झुपक्यांनी येतात. धुमारे आधी कात्रीने छाटावेत, बुंध्याला संरक्षक नळी घालावी आणि वारा पडलेला असताना नोझलला हूड (फवारा इकडेतिकडे उडू न देणारे आवरण) लावून, कमी दाबाने मोठे थेंब पाडत फवारावे. डायकांबा हे तणनाशक मात्र जमिनीत सहज वाहते आणि मुळांतून वर चढते. हिरवळीवरच्या रुंद पानांच्या तणांसाठी ते वापरले, तर शेजारचे झाडही त्याच्या तावडीत सापडते.

२०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्ककारक’ गटात टाकले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेला हा निष्कर्ष मान्य नाही. तोच एक घटक वर्षानुवर्षे फवारल्याने त्याला दाद न देणारी तणेही अनेक देशांत तयार झाली आहेत.

थोडी झाडे असतील तर खुरपणी आणि आच्छादन हाच मार्ग बरा. लाकडाच्या भुशाचा किंवा पालापाचोळ्याचा पाच ते दहा सेंटिमीटर थर वार्षिक तणांचे बी दाबून ठेवतो आणि ओलही टिकवतो. हा थर बुंध्याला टेकू देऊ नये, नाहीतर साल कुजते.