सरकीतलं गणित

पेरणी तोंडावर आली की आमच्या यवतमाळकडच्या कृषी केंद्रात एक वाक्य हमखास कानावर पडतं, "अळी आता बीटीला सरावली." अळी म्हणजे कपाशीच्या बोंडातली गुलाबी अळी, आणि बीटी म्हणजे जिवाणूचं जनुक घातल्याने अळीमार विष स्वतःच बनवणारी कपाशी. वाक्य खरं आहे, पण अळीला सराव कोणी दिला ते बोंड फोडल्याशिवाय कळत नाही.

मार्च 2002 मध्ये सरकारने बीटी कपाशीला परवानगी दिली, ती तीन संकरित वाणांना. अमेरिकेत हेच जनुक सरळ वाणांत आहे, म्हणजे ज्यांचं घरचं बी पुन्हा पेरलं तरी पीक तसंच येतं. आपल्याकडे संकरित कपाशी 1970 पासूनच रुळलेली. त्यात 2001 च्या कायद्याने घरचं बियाणं ठेवायचा हक्क शेतकऱ्याला दिला (उत्तमच केलं). मग कंपनीची वसुली कशी व्हायची? संकरिताची सरकी पुन्हा पेरली तर पऱ्हाटी एकसारखी येत नाही, म्हणजे दर जूनला नवं पाकीट.

आता बोंड फोडू. बीजी-2 मध्ये, म्हणजे बीटीच्या दुसऱ्या पिढीत, दोन विषांची दोन जनुकं असतात. ती बहुधा एकाच पालकाकडून येतात, म्हणून झाडात प्रत्येकाची एकच प्रत. पानात दोन्ही विषं असतात. पण सरकी म्हणजे पुढची पिढी, तिथे मेंडेलची वाटणी लागू होते. सोळा सरक्यांमागे सरासरी नऊंमध्ये दोन्ही विषं, सहांमध्ये कुठलं तरी एक, आणि एक साफ कोरी. गुलाबी अळी खाते ती नेमकी सरकीच, एकीतून दुसरीत शिरत. थोडं विष, थोडी उसंत. प्रतिकाराच्या जनुकाची एकच प्रत असलेली अळी पूर्ण मात्रेत मेली असती. इथे ती तगते, पतंग होते, अंडी घालते. वरून आपण फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी) ठेवली आणि साध्या अळ्या टिकून प्रतिकार पातळ व्हावा म्हणून पाकिटासोबत मिळालेली बिगर-बीटीची 120 ग्रॅमची पुडी बांधावर टाकून दिली.

अमेरिकेने सरळ बीटी वाणांच्या जोडीला वंध्य पतंग सोडले आणि 2018 मध्ये ही अळी संपल्याचं जाहीर केलं.

आपल्याकडे 2016 मध्ये सरकारने 450 ग्रॅमच्या पाकिटाला 800 रुपये ठरवले, त्यातले बीटी तंत्रज्ञानाचे, म्हणजे जनुकाच्या मालक कंपनीचे, फक्त 49. शिवाय ते तंत्रज्ञान इतर कंपन्यांना द्यायची सक्ती करणारा प्रस्ताव आला. त्याच वर्षी मोन्सँटो या अमेरिकी जनुक-मालक कंपनीने तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या बीटीचा अर्ज मागे घेतला. परवानगी राहून गेली, जनुक मात्र आलंच, 'चोर बीटी' म्हणून, बिनपावतीचं. विकणारा छातीठोक सांगतो, "याले अळीच लागत नाही." त्यातलं नवं जनुक तणनाशकापुरतं आहे; अळीसाठी तीच जुनी दोन.