झोपेच्या गोळीला चिठ्ठी का लागते

“मावशी, चिठ्ठीशिवाय ही गोळी देता येत नाही.” कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या आसपासच्या मेडिकलमध्ये थोडा वेळ उभं राहिलं, की हे कानावर पडतं. “रोजचीच हाय की, डॉक्टरांनीच दिलेली,” हे त्यावरचं उत्तर. दोघंही खरंच बोलत असतात. गोळी डॉक्टरांनीच दिलेली असते. फक्त काही वर्षांपूर्वी, पंधरा दिवसांसाठी.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम ही सगळी बेन्झोडायझेपिन कुळातली औषधं. त्यांच्या आधी झोपेसाठी बार्बिट्युरेट्स दिली जात. त्यांत झोप आणणारी मात्रा आणि श्वास बंद पाडणारी मात्रा यांत अंतर फार थोडं, त्यामुळे माणसं दगावत.

लिओ स्टर्नबाख हा रसायनशास्त्रज्ञ १९३० च्या दशकात पोलंडमधल्या क्राकुव्हला रंगद्रव्यांच्या शोधात काही संयुगं बनवत होता. ज्यू असल्यामुळे १९४१ मध्ये युरोप सोडून तो अमेरिकेत, रोश कंपनीच्या न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत आला. तिथे १९५० च्या दशकात त्याने ती जुनी संयुगं पुन्हा हाती घेतली. औषध म्हणून एकही कामाचं निघेना. शेवटचं एक तर तपासायचंच राहिलं. १९५७ मध्ये टेबल आवरताना सहकारी अर्ल रीडरच्या हाती ती पांढरी भुकटी लागली, चाचणीला गेली आणि प्राणी शांत झाले. हेच क्लोरडायझेपॉक्साइड. १९६० मध्ये ते ‘लिब्रियम’ नावाने बाजारात आलं, १९६३ मध्ये डायझेपाम ‘व्हॅलियम’ म्हणून. आपल्याकडच्या जुन्या पिढीला डायझेपाम ‘काम्पोज’ या नावानेच माहीत आहे.

औषध काम कसं करतं, हे मात्र उशिरा कळलं. मेंदूत ते नेमकं कुठे बसतं याचा पत्ता १९७७ मध्ये लागला. गाबा हे मेंदूतल्या पेशींना शांत करणारं रसायन. ते आपल्या जागी बसलं, की पेशीत क्लोराइड जाण्याची वाट उघडते. बेन्झोडायझेपिन स्वतः ही वाट उघडत नाही; गाबा असेल तर ती जास्त वेळा उघडते, इतकंच. बार्बिट्युरेट ती जास्त वेळ उघडी ठेवतं आणि मात्रा वाढली की गाबाशिवायही उघडतं. नव्या गोळ्या एकट्या घेतल्या तर क्वचितच जीवघेण्या ठरतात, त्या यामुळे. दारू किंवा अफूवर्गीय औषध सोबत असेल, तर हा भरवसा उरत नाही.

याच भरवशाने घात केला, असं मला वाटतं. सुरक्षित म्हटल्यावर महिनोन्महिने लिहून देणं सुरू झालं. आणि इशारा तर लगेच मिळाला होता! १९६१ मध्येच अमेरिकेतल्या डॉ. लिओ हॉलिस्टर यांनी दाखवलं, की मोठ्या मात्रेत काही महिने दिलेलं क्लोरडायझेपॉक्साइड एकदम बंद केलं तर अस्वस्थता, निद्रानाश आणि काहींना चक्क फिटसुद्धा येते. नेहमीच्या मात्रेनेही सवय लागते हे मान्य व्हायला १९८० चं दशक उजाडलं. ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने १९८८ मध्ये दोन ते चार आठवड्यांची मर्यादा सांगितली.

भारतात १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या आणि नोंद ठेवायच्या औषधांची यादी, लागू झालं. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम त्यात आहेत. रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव, औषध आणि संख्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. काउंटरवरचा मुलगा अडवतो तो यासाठी.

ही औषधं वाईट नव्हेत. न थांबणारी फिट शिरेतल्या लोराझेपामने थांबते; दारू सोडताना होणारी थरथर आणि भ्रम डायझेपाम आवरतं; ऑपरेशनआधी मिडाझोलाम देतात.

पण वर्षानुवर्षं घेणाऱ्या मावशींना नुसतं “नाही” म्हणून परत पाठवणं मला धोक्याचं वाटतं. अल्प्राझोलामची रक्तातली पातळी साधारण अकरा तासांत निम्मी होते, त्यामुळे उद्याच हातपाय कापू लागतात. डायझेपाम शरीरात कितीतरी जास्त रेंगाळतं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्ये १९८२ ते १९९४ या काळात फक्त गोळ्या सोडवण्याचं क्लिनिक चालवणाऱ्या हेदर अॅश्टन यांनी म्हणूनच हळूहळू डायझेपामवर आणून, मग मात्रा थोडी थोडी घटवत नेण्याची पद्धत बसवली. त्याला महिने लागतात, कधी वर्षही. तेव्हा मावशींना त्याच दिवशी सीपीआरच्या मानसोपचार ओपीडीची वाट दाखवावी, आणि तोवर गोळी एकदम बंद करू नका, हे डोळ्यांत बघून सांगावं.