गोष्टीतली गाय, गोठ्यातली गाय

चार वर्षांच्या शहरी मुलाला सांगा, की माणसाच्या पोटात अमुक नावाचा एक अवयव असतो. मग विचारा, कुत्र्याच्या पोटात असेल का? बरीच मुलं 'हो' म्हणतात. आता उलटं सांगा. कुत्र्याच्या पोटात असतो, मग माणसाच्या? इथे गाडी अडते. मानसशास्त्रज्ञ सुसान कॅरी यांनी १९८५ साली हे निरीक्षण मांडलं आणि लहान मुलं सगळी सजीवसृष्टी माणसावरूनच ताडतात, असा समज रूढ झाला.

पण ती मुलं अमेरिकेतल्या शहरी भागातली. पुढे डग्लस मेडिन, सँड्रा वॉक्समन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विस्कॉन्सिनमधल्या खेड्यांतल्या आणि मेनॉमिनी या आदिवासी समाजातल्या मुलांना तसलेच प्रश्न विचारले, तर चित्र निराळं निघालं. आणखी गंमत म्हणजे शहरातल्या तीन वर्षांच्या मुलांतही हा कल सापडला नाही. तो होता पाच वर्षांच्या मुलांत. म्हणजे तो उपजत नाही, मधल्या दोन वर्षांत कुठून तरी येतो. संशय गेला गोष्टींच्या पुस्तकांवर. २०१४ मधल्या एका प्रयोगात शहरी मुलांना प्राण्यांची खरी माहिती देणारं पुस्तक वाचून दाखवलं, तेव्हा त्यांचा तर्क बदलला. माणसासारखं वागणाऱ्या अस्वलांची गोष्ट ऐकलेल्यांचा मात्र माणसाभोवतीच फिरत राहिला.

म्हणून चिऊ-काऊला घराबाहेर काढायचं का? मुळीच नाही. मेणाचं घर ऐकल्यावर खिडकीतली चिमणी चोचीत काय धरून नेते ते दाखवावं, एवढंच. गोष्टीतली गाय बोलू दे, पण गोठ्यातलीही भेटू दे.

भेटायचं तर निवांत. हल्ली कृषी पर्यटन केंद्रांवर बैलगाडीची फेरी, आगटीभोवती हुरडा, चार फोटो आणि परत, असा बेत असतो. हुरड्याला माझी ना नाही! पण कोवळ्या ज्वारीतली साखर दाणा भरताना पिठूळ होत जाते, म्हणून हुरडा गोड आणि भाकरी तेवढी गोड नाही, हे त्या आगटीपाशीच सांगता येतं. तिथे ते कुणी सांगत नाही.

त्यापेक्षा बसलेल्या गायीसमोर मुलाला अर्धा तास बसवा. गळ्यातून घास वर सरकताना दिसतो. ती तो पन्नासेक वेळा चावते, गिळते, जरा थांबते आणि पुढचा घास वर येतो. मोजायला मुलांना भारी आवडतं. पोटाच्या चार कप्प्यांपैकी पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्मजीव गवत कुजवून पचवतात, म्हणून तिचं कडब्यावर भागतं आणि आपलं भागत नाही. तिला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात, तिथे नुसती कडक हिरडी असते. हे मालकाला तोंड उघडायला सांगून दाखवता आलं तर उत्तमच.

पावसाळ्यात जाणार असाल तर भुईमूग बघा. पिवळं फूल वर, शेंग मात्र मातीत, हे कोडं मोठ्यांनाही चकवतं. फूल सुकलं की तिथून आऱ्या सुटतात, खाली वाकून जमिनीत घुसतात आणि अंधारातच त्यांच्या टोकाला शेंग धरते. शेतकऱ्याला विचारून एक वेल उपटा. मुळांवरची गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी दिसली, तर तिच्यातले जिवाणू हवेतला नायट्रोजन पिकाला देत आहेत. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातीच्याच प्रथिनाचा असतो.

एका फेरीने फार काही होत नाही, हेही खरं. जपानमध्ये कायोको इनागाकी यांनी घरी गोल्डफिश पाळणारी आणि न पाळणारी बालवाडीतली मुलं तपासली. बेडूक कुणीच पाळला नव्हता. पण पिल्लू बेडूक कायम छोटाच ठेवता येईल का, यावर मासे पाळणारी मुलं आपला मासा कसा वाढला ते आठवून उत्तर देत. रोज खाऊ घालण्यातून आलेलं ज्ञान अनोळखी जिवाला लागू पडलं. म्हणून त्याच शेतावर पेरणीला, आऱ्या सुटताना आणि काढणीला जावं. जमत नसेल तर कुंडीत चार शेंगदाणे लावावेत, न भाजलेले.

गोठ्यातून निघताना हात साबणाने धुवायलाच हवेत. धडधाकट गुराच्या शेणातही माणसाला आजारी पाडणारे ई. कोलाय जिवाणू असू शकतात आणि पाच वर्षांखालच्या मुलांना त्यांचा त्रास जास्त होतो. मातीने माखलेल्या हातांवर सॅनिटायझरचा फारसा उपयोग होत नाही. धारोष्ण दुधाचा आग्रह झाला, तर ते उकळून मागा.