निकेल कॉलम पांढरा पडला म्हणजे मेला?

ताळगावच्या पठारावरच्या गोवा विद्यापीठात असो नाहीतर वेर्ण्याच्या कंपनीत, हिस-टॅगवालं (हिस्टिडिनची शेपटी जोडलेलं) प्रोटीन निकेल कॉलमने, म्हणजे निकेल धरलेल्या रेझिनच्या (बारीक मण्यांच्या) नळीतून वेगळं काढणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला कोणतरी सीनियर सांगतोच, की निळा कॉलम पांढरा किंवा तपकिरी झाला की संपला, टाकून दे. अरे बाबा, नाही! निळा रंग रेझिनचा नसतोच, तो निकेलचा असतो. ईडीटीएने (धातू पकडणारं रसायन) निकेल ओढून नेलं की कॉलम पांढरा, बफरमध्ये डीटीटी (रिड्यूसिंग रसायन) जास्त झालं की तपकिरी, पण खालचं रेझिन बहुतेक वेळा ठणठणीत असतं.

करायचं काय, तर आधी ५० ते १०० मिलिमोलर ईडीटीएने उरलंसुरलं निकेल काढा, भरपूर पाणी, मग अर्धा ते एक मोलर कॉस्टिक सोडा अर्धा तास (चिकटलेलं प्रोटीन यानेच सुटतं, आणि हीच पायरी लोक कंटाळा करून गाळतात), परत पाणी, आणि ०.१ मोलर निकेल सल्फेट सोडलं की कॉलम परत निळा. ठेवताना २० टक्के इथेनॉल, फेणी नव्हे. नुसत्या पाण्यात ठेवलात तर आपल्या पावसाळ्यात बुरशीची शेती होईल.

निकेलचं पाणी मात्र सिंकमध्ये ओतू नका, विषारी आहे ते, वेगळ्या बाटलीत जमवा.

आणि हो, हुमणाच्या (माशाच्या कालवणाच्या) कुंडल्यात, म्हणजे मातीच्या भांड्यात, कोण खीर करत नाही, तसं एका प्रोटीनचा कॉलम दुसऱ्याला देऊ नका, कितीही धुतला तरी. खरंच टाकायचा कधी? धुऊन, निकेल भरूनही प्रेशर चढतंय किंवा प्रोटीन धरतच नाही, तेव्हा.