अडगळीतल्या लॅपटॉपचा सर्व्हर

मोबाइलमधले गणपतीचे व्हिडिओ समोरच्या लॅपटॉपवर घ्यायचे म्हटलं, की बरेच जण ते व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवतात. हातभर अंतरासाठी फाइल दूरच्या कुठल्या तरी डेटा सेंटरपर्यंत जाऊन येते आणि वाटेत व्हिडिओची स्पष्टताही घटते. वास्तविक ही दोन्ही यंत्रं घरच्या राउटरने आधीच जोडलेली असतात. प्रत्येकाला त्याने एक पत्ता दिलेला असतो, बहुधा १९२.१६८ने सुरू होणारा. हे आकडे खासगी जाळ्यांसाठी राखीव आहेत, म्हणून दादर आणि बोरिवलीच्या दोन घरांत एकच पत्ता असला तरी काही बिघडत नाही. इंटरनेट गेलं तरी हे घरगुती जाळं चालूच राहतं.

या जाळ्यात फाइली एका जागी ठेवून मागेल त्या यंत्राला देणारा संगणक म्हणजे सर्व्हर. त्यासाठी जुना लॅपटॉप पुरतो. बॅटरी फुगलेली नसेल, तर वीज गेल्यावर थोडा वेळ तीच सांभाळून घेते. लॅपटॉप वीस वॉट खात असेल, तर महिन्याला साधारण १४ युनिट होतात. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट कार्यप्रणाली आणि सांबा हे सॉफ्टवेअर टाकायचं. विंडोज संगणक ज्या एसएमबी पद्धतीने फाइली मागतात-देतात, ती सांबाला येते. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तारेतून जाणारे संदेश न्याहाळून ही भाषा उलगडली आणि सांबा फुकट वाटलं. सर्व्हरचा पत्ता राउटरमध्ये कायमचा करून टाका. नाहीतर तो बदलला की घरातले सगळे तुम्हालाच हाका मारणार.

आता मुंबईची खरी अडचण. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल जेमतेम तीन: १, ६ आणि ११. एका मजल्यावर चार बिऱ्हाडं, वर-खाली तितकीच, प्रत्येकाचा राउटर. एकाच चॅनेलवरच्या यंत्रांना पाळीपाळीने बोलावं लागतं, म्हणून सिग्नलच्या काड्या पूर्ण दिसूनही फाइल रखडते. पाच गिगाहर्ट्झवर चॅनेल जास्त, पण आरसीसीच्या भिंतीपुढे त्याचा जोर लवकर ओसरतो. त्यामुळे निदान सर्व्हर तरी तारेनेच राउटरला जोडावा. गिगाबिटची तार सेकंदाला १२५ मेगाबाइटपर्यंत नेते. प्रत्यक्षात शंभराच्या आसपास मिळाले, तरी चार जीबीचा लग्नाचा व्हिडिओ मिनिटभरात पोचतो.

बाहेरून फाइली दिसाव्यात म्हणून राउटरमध्ये ४४५ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे एसएमबीचं दार, उघडायचा मोह मात्र आवरा. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा फाइली कोंडून खंडणी मागणारा व्हायरस एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतल्या भोकातूनच जगभर पसरला होता. बाहेरून पोचायचंच असेल, तर व्हीपीएन, म्हणजे घरच्या जाळ्यापर्यंतची कुलूपबंद वाट, वापरा.

आणि दोन डिस्क जोडून एकीचा मजकूर दुसरीवर उमटवणं म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकदमच जाते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यावरच्या घरांचं काय झालं ते मुंबईकरांना सांगायला नको. एक डिस्क कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करून बहिणीकडे ठेवा, तीही वरच्या मजल्यावर राहत असेल तर उत्तम, आणि येता-जाता बदलत राहा.