गंगाराम तांबट

गंगाराम चिंतामण तांबट (काही ठिकाणी नवगिरे-तांबट असंही नाव येतं) हा पेशवाईतला पुण्याचा चित्रकार. त्याच्या कामाचा काळ ढोबळमानाने १७९० ते १७९५ च्या आसपासचा धरतात, म्हणजे गादीवर सवाई माधवराव, कारभार नाना फडणवीसांकडे आणि मुळा-मुठेच्या संगमावरच्या बंगल्यात इंग्रजांचा वकील (म्हणजे दरबारातला राजदूत) चार्ल्स मॅलेट, ज्याच्यासाठी गंगारामने बरंचसं काम केलं.

आता वादाचा मुद्दा, गंगाराम चित्रकला शिकला कुठे. जुनी मांडणी अशी की जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला, मॅलेटच्या खटपटीने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली आणि गंगाराम हा तिथला हुशार विद्यार्थी. शाळा झाली आणि दोघांनी बरोबर काम केलं हे मान्यच आहे. पण तारखा नीट लावून बघा. वेल्स मुंबईत उतरला १७९१ मध्ये, आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या (खासगी प्राणिसंग्रहातल्या) गेंड्याचं गंगारामने काढलेलं चित्र आहे नोव्हेंबर १७९० चं! गेंड्यासारखं जनावर, खांद्यावर नि मांडीवर जाड कातड्याच्या घड्या, ते समोर बघून जलरंगात उतरवणं हे नवशिक्याचं काम नाही. त्यामुळे हात आधीच तयार होता आणि वेल्सकडून त्याने फार तर युरोपीय पद्धतीचं छायाप्रकाश आणि पर्स्पेक्टिव्ह (जवळ-दूरचा भास दाखवण्याचं तंत्र) उचललं असावं, हे मत जास्त पटतं. आडनावावरून घराणं तांब्याची भांडी घडवणाऱ्यांचं धरलं जातं, तेव्हा धातूवरच्या नक्षीकामातून रेषेवर पकड आली असाही एक तर्क आहे, तो तर्क म्हणूनच घ्यावा.

वेरूळबाबतही असंच. तिथल्या लेण्यांच्या चित्रांसोबत वेल्सचं नाव येतं कारण त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनिएल या इंग्रज चित्रकाराने १८०३ मध्ये मोठा चित्रसंच छापला. पण मॅलेट स्वतः वेरूळला बहुधा १७९४ मध्ये गेला, त्यावर त्याने लिहिलेलं वर्णन कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत आलं, आणि त्या कामासाठी लेणी रेखाटणारा माणूस गंगाराम होता. फोटोग्राफी यायला अजून चाळीसेक वर्षं होती, त्यामुळे लेण्यांच्या अभ्यासात या कागदांचं मोल फार मोठं आहे आणि श्रेय देताना त्याचं नाव वेल्सच्या बरोबरीने यायला हवं.

कार्ल्याच्या चैत्यगृहाची (लेण्यातल्या बौद्ध प्रार्थनागृहाची) चित्रंही त्याच्या नावावर आहेत. १७९५ मध्ये ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले, पाठोपाठ नोव्हेंबरात वेल्सही, मग १७९८ मध्ये मॅलेट मायदेशी परतला. गंगारामची बरीच चित्रं आज अमेरिकेत न्यू हेवनला येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये आहेत, गेंडाही तिथेच.